नाल्यावरचा धबधबा

काका, तुमची गादी आम्ही परत पाठवली. उशी, गोधडी, स्वेटर, चपला, सगळं. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्याबद्दल गोड बोलणाऱ्यांची गावात सध्या रांग लागली आहे आणि मला त्या रांगेत उभं राहायचं नाही. तुमचं-माझं भांडण अर्धवट राहिलं. तुम्ही मधूनच उठून गेलात. ही तुमची जुनी सवय, वाद रंगात आला की गिऱ्हाईक आलं म्हणून आत जायचं. या वेळी गिऱ्हाईकही नव्हतं.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी लिहाव्या लागतील, तेवढं थांबा. चिखलीची एसटी फाट्यावर सोडते. फाट्यावर तेजरावकाकांचा, म्हणजे तुमचा, फोटो स्टुडिओ. तिथून आत आलं की वरचं गाव. मग पांदण, म्हणजे बैलगाडीची वाट, उतरते, नाला लागतो, आणि नाल्याच्या काठावर आमचा मोहल्ला, आमचा विहार, आमची हापशी. वरच्या गावात माणूस गेलं की राख सावडायच्या दिवशी त्याच्या अंगाला लागलेलं सगळं घराबाहेर काढतात. अंथरूण, कपडे, काठी, चष्मा. घराबाहेर म्हणजे कुठे, तर आमच्या नाल्यात. टाकायचं आणि मागे वळून न पाहता घरी जायचं, अशी रीत. वळून पाहिलं तर मेलेलं माणूस सोबत येतं म्हणतात. त्यांना वळायची गरजही नाही. पाहायला आम्ही आहोत ना. नाल्याकडे आमची दारं आहेत.

मी त्या सामानासमोर मोठी झाले. बाभळीला अडकलेला एक स्वेटर होता, तपकिरी, बायकी. वारा सुटला की त्यात छाती यायची, हात यायचे. आम्ही पोरं त्याला बाभळीवरची बुढी म्हणायचो. शाळेत जाताना मी मायचा पदर धरून डोळे मिटून नाला ओलांडायचे. माय म्हणायची, "गावात कोण गेलं ते आपल्याले नाल्यावरून समजते." ती हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची. मोठी झाल्यावर मला या वाक्याचा राग यायला लागला, आणि त्या रागातूनच आमचं मंडळ निघालं, पत्रकं निघाली. "आमचं दार हा तुमचा उकिरडा नाही." हा मथळा माझा. तुम्ही म्हणाला होतात, मथळा चांगला आहे पण फार ओरडतो. मी म्हटलं होतं, कुजबुजून पाहिलं, कोणी ऐकलं नाही.

तुमच्या आईचं सामान तुम्ही आणलं होतं, ते मला आठवतं. मी तेव्हा कॉलेजला होते. तुम्ही लाल पट्ट्यांची गादी नाल्यात सोडलीत, चार पावलं गेलात आणि वळलात. आमच्या दारातून मी पाहत होते. तुमच्या गावचा माणूस वळून उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. तुम्ही गादीकडे पाहिलंत, मग वर, आमच्या दारांकडे पाहिलंत, मग पुन्हा गादीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन आलात.

तिथून तुमचं ते सुरू झालं. लग्नं, वाढदिवस, ओळखपत्रांचे फोटो यांतून वेळ काढून तुम्ही नाल्यात उतरायचे. लोकांना वाटलं, तेजरावाला आईनं धरलं. मोहल्ल्यातली लेकरं तुमच्यामागे फिरायची, तुम्ही त्यांना सांगायचे, "सावली पाडू नका बे, आजी झोपली हाये तिथं." लेकरं बाजूला सरकायची. मला हे आवडायचं नाही. ज्या गोष्टीला आम्ही भीत होतो तिच्याशी तुम्ही असं बोलायचे की जणू तुमचीच ती. मग मला वाटायचं, हो, तुमचीच की. तुमच्याच गावची.

पण फोटो काका, फोटो खोटे नव्हते. काच नसलेला चष्मा, त्याच्या एका डोळ्यातून मुंग्यांची ओळ आत जाते आणि दुसऱ्यातून बाहेर येते. मास्तरांची कवळी, ओल्या गाळात अर्धी रुतलेली, सकाळचं ऊन पडून हसणारी. ती पाहून मी हसले होते आणि मग घरी जाऊन मला झोपेत ती दिसली. पत्र्याच्या पेटीचं झाकण, गंज असा चढलेला की पिकलेल्या तुरीचं शेत वाटावं. फुटक्या तांब्यात आपोआप उगवलेलं टमाट्याचं रोप. तुम्ही कशाला हात लावायचे नाहीत, काही सरळ करायचे नाहीत, पुसायचे नाहीत. उन्हाची वाट पाहत बसायचे. बाभळीवरच्या बुढीचा फोटोही तुम्हीच काढलात. पिवळी फुलं गळून स्वेटरच्या लोकरीत अडकली होती. त्या फोटोत ती सणाला निघालेली बाई दिसते. मी लहानपणापासून जिला भ्यायले तिच्या गळ्याजवळ फुलं होती, हे मला कधी दिसलं नव्हतं. कारण मी डोळे मिटून जायचे.

आणि तो खोप्याचा फोटो. ज्याच्यावरून आपलं वाजलं.

मी स्टुडिओत आले होते. पत्रकाला फोटो हवा होता. तुम्ही चहा सांगितला होता.

"काका, मले घाण पाहिजे."

"घाण तं तुले रोज दिसते. फोटो कायले पाहिजे?"

"मले दिसते म्हणून नाही. ज्यायले दिसत नाही त्यायच्यासाठी."

तुम्ही कॉम्प्युटरवर एक फोटो उघडलात. उंबराची दोन पानं शिवून शिंपी पाखरानं केलेला खोपा. आतून पांढऱ्या रुईचं अस्तर आणि त्या रुईत एक लाल धागा.  मला लाल पट्टे आठवले.

"आजीची गादी?"

"हाव. पहिल्या पावसात उसवली. पाखरानं नेली, नख-नख करून." मग म्हणालात, "आईले पाखरायचा लय राग होता. वाळवणं खात म्हणून."

मी बराच वेळ पाहिलं. आणि म्हटलं, "लय सुंदर हाये. म्हणूनच चालत नाही."

"काऊन? सुंदर म्हणजे खोटं असते का?"

"हे पाहून गावातले म्हणतीन, पाखरायले घर भेटून राह्यलं, राहू द्या मंग."

"अन् घाण पाहून काय म्हणतात? नाकाले रुमाल लावतात अन् पुढं जातात. हे पाहून निदान थांबतात. थांबलं माणूस की इचारते, हे कोणाचं, इथं कसं आलं."

"तुमच्या गावचं कोणी थांबलं?"

तुम्ही चहाचा कप उचललात. "मी थांबलो न."

"तुम्ही थांबले अन् फोटो काढला. उचलून नेलं काय?"

मग गिऱ्हाईक आलं. शाळेत नाव घालायला लेकराचा फोटो. लेकरू काही बसेना, तुम्ही आत गेलात ते गेलातच.

मी अजूनही म्हणते की मी बरोबर होते. तुम्ही गेलात म्हणून माझा मुद्दा बदलत नाही. सुंदर फोटो हा नाल्याच्या त्या काठावरून काढता येतो. या काठावर वास येतो. पत्रकावर मी तुम्हीच काढलेला दुसरा फोटो छापला, फुगलेलं कुत्रं आणि शेजारी सडलेली गोधडी. मागितला तसा तुम्ही काढून दिलात, बिनचूक, आणि म्हणालात, "नाव टाकू नको माह्यं." का, विचारलं तर म्हणालात, घरात दादा आहेत. तुमचे थोरले भाऊ, विश्वनाथआबा. पन्नाशी ओलांडलेला माणूस दादाला भितो. मी तोंडावर म्हटलं, "तुम्ही भित्रे हाये, काका." तुम्ही हसलात. "हाव. म्हणून तं कॅमेऱ्याच्या मांगं उभा ऱ्हायतो, पुढारीणबाई."

तुम्ही मला पुढारीणबाई म्हणायचे, वर चहा पाजायचे. स्टुडिओत पाजायचे. घरी कधी नेलं नाहीत. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आपल्या दोघांनाही माहीत होतं. हेही बोलायचं राहिलं. बोलायला हवं होतं. तुम्ही बोलायला हवं होतं.

मंडळाची बैठक झाली तेव्हा मी तुम्हाला येऊन सांगितलं होतं. निवेदनं देऊन झाली, आता पांदणीत उभं राहायचं. पुढचं सामान आलं की परत पाठवायचं.

"कोणाचंही?" तुम्ही विचारलंत.

"कोणाचंही."

तुम्ही लेन्स पुसत होतात. "मंग बरं," म्हणालात.

मंग बरं. या दोन शब्दांचं मी काय करू काका? तेव्हा मला वाटलं, तुम्ही होकार दिला. आता कधी वाटतं, तुम्ही स्वतःबद्दल विचारत होतात. कधी वाटतं, काहीच नव्हतं त्यात, लेन्सवरचा डाग निघाला म्हणून म्हणालात. नाल्यावर गेले की ते ऐकू येतं. खट् असा तुमच्या कॅमेऱ्याचा आवाज येतो, आणि पाठोपाठ, मंग बरं. मी वळून पाहते. मला वळायला कोणी मनाई केलेली नाही.

तुम्ही स्टुडिओत पडलात, फोटोमागच्या पडद्याची दोरी बांधताना. पडदा घेऊनच खाली आलात. फाट्यावरच्या पोरांनी त्याच पडद्यात गुंडाळून तुम्हाला जीपमध्ये घातलं, दवाखान्यापर्यंत आणि मग घरापर्यंत. म्हणून तो पडदाही मयताचा झाला.

तो पडदा आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला पाठ आहे. निळा धबधबा, दोन बदकं, लाल फुलांचं झाड. मायबापांचा लग्नानंतरचा फोटो त्याच्यापुढे. माझा सातवीतला, वक्तृत्वाची ढाल हातात धरून. तुम्ही प्रत्येकाला म्हणायचे, "श्वास धरा… सोडा." मला म्हणालात, "धर श्वास," आणि लाईट गेली. तुम्ही इन्व्हर्टरशी झटत बसलात. मी अंधारात ढाल घेऊन धबधब्यापुढे उभी, गाल फुगवून. लाईट आली तेव्हा तुम्ही पाहिलंत. "सोड न पोट्टे, मरशीन." त्या फोटोत माझे डोळे बाहेर आलेले आहेत. अजून घरात लावलेला आहे.

राख सावडली त्या सकाळी विश्वनाथआबा लोटगाडी घेऊन पांदण उतरले. एकटेच. मी पांदणीच्या तोंडाशी उभी होते. मंडळाची पोरं होती, माय होती. पोरांपैकी एक जण हळूच म्हणाला होता, "ताई, आजच्या दिवस जाऊ द्या. काकांचं हाये."  मी म्हटलं, आज जाऊ दिलं तर उद्या प्रत्येक जण कोणाचा तरी काका असतो. हे मी मोठ्यानं म्हटलं. आत काय होतं ते सांगत नाही.

"बाजूले हो, पोरी," आबा म्हणाले. "मयताचं सामान हाये."

"माहीत हाये, आबा. परत न्या."

त्यांना आधी समजलंच नाही. मग म्हणाले, "तेजरावचं हाये."

"माहीत हाये."

"तुह्या पत्रकायचे फोटो कोण काढे, मले काय माहीत नाही? तुले लाज नाही वाटत?"

काका, त्यांना माहीत होतं. तुम्ही ज्याला घाबरून नाव झाकत होतात त्याला सगळं माहीत होतं, आणि तो काही बोलला नव्हता. हे तुम्हाला सांगायचं होतं. सांगायला तुम्ही नव्हतात. मी तिथल्या तिथे तुमच्यावर इतकी चिडले की आबांवरचा राग थोडा कमी झाला.

"वाटते लाज," मी म्हटलं. "म्हणूनच त्यायचं सामान नाल्यात पडू देत नाही."

"मंग कुठी नेऊ? घरात परत येत नाही हे. आजलोक कोणी नेलं?"

माय बोलली. ती अशा वेळी बोलत नाही. "आबा, आजलोक आमी पाह्यलं. तुमच्या आईची उशी आमच्या दारासमोर होती, मधात डोक्याचा खड्डा तसाच. माही लहानी पोरगी, हिची बहीण, उशीकडं पाहून जेवत नव्हती. तुमी एक डाव पाहा न घरी नेऊन."

आबा उभे राहिले. ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. टाकून न वळता जायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. न टाकता वळायचं कसं, हे त्यांच्या घरात कोणाला कधी करावं लागलं नव्हतं. शेवटी त्यांनी गाडीचा दांडा फिरवला. चाक चिखलात रुतलं. एकट्यानं निघेना. पोरं माझ्याकडे पाहायला लागली. मी पुढे होऊन दुसरा दांडा धरला. तुमच्या उशीवर तुमचा स्वेटर होता, करडा, कोपराला रफू केलेला. गाडी हलली तशी त्याची बाही माझ्या मनगटावर आली. मी ती काढली नाही. चाक निघालं.

तेव्हा पडद्याचं टोक गाडीखाली लोंबताना दिसलं. धबधबा चिखलाला टेकत होता.

"आबा, पडदा द्या."

"घे. टाकतो इथं, उचलून घे."

"टाकायचा नाही. हातात द्या."

ते माझ्या हातांकडे पाहत राहिले. तुम्हाला हे वर्णन करून सांगायची गरज नाही, तुम्ही त्याच घरातले. तुमच्या घरातून आमच्या हातात आजवर काय आलंय? वरून सोडलेलं, ओट्यावर ठेवलेलं, नाल्यात टाकलेलं. पडदा जड होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, घडी सुटली, अर्धा त्यांच्याकडे, अर्धा माझ्याकडे. असे आम्ही दोघं पांदणीत धबधबा धरून उभे राहिलो. मग त्यांनी त्यांचा अर्धा माझ्या हातांवर ठेवला. त्यांची बोटं थंड होती. आबा भरली लोटगाडी ढकलत वर गेले, भरदिवसा, भर गावातून, सगळ्यांसमोर. वळणावर थांबले आणि वळून पाहिलं. पडद्याकडे की माझ्याकडे, ते कळलं नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमचा पहिला विजय तुमच्या गादीवर झाला, त्याच्या कसल्या टाळ्या.

पुढचं काकूंकडून कळलं. त्या विहारापाशी आल्या, हापशीवर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्यायनं मले सांगतलं होतं, माह्यं काही नाल्यात नोको टाकजा. मी दादासमोर कशी बोलू?" म्हणजे तुम्ही बोलला होतात. बायकोशी बोललात, भावाशी नाही. बायकोनं भावाशी बोलावं अशी वाट पाहिलीत का? घरोघरी बोलणं हे असंच मरतं, काका. उंबऱ्याच्या आत.

गादी दोन दिवस गोठ्यात होती म्हणे. मग काकूंनी आबांना न विचारता ती पिंजाऱ्याकडे पाठवली. कापूस पिंजला, नवी खोळ घातली. आता त्याच झोपतात तिच्यावर. "तुह्यामुळं ऱ्हायली," म्हणाल्या. त्यात आभार होते की ठपका, मी विचारलं नाही. "पिंजारी म्हणे, पिंजल्यावर कोणाचा आकार ऱ्हात नाही. मले तं पाठीले लागते."

मग त्यांनी पिशवीतून खोप्याचा फोटो काढून दिला. तुम्ही मोठा करून घेतला होता. मागे काही लिहिलेलं नाही, मी पाहिलं. नव्या पत्रकावर तो घालणार नाही. तिथे मागणी छापायची आहे, ठळक: सामान परत न्या, पिंजा, शिवा, वापरा, नाहीतर आपल्या शेतात पुरा. खोपा मी घरात लावलाय, माझ्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या शेजारी. येणारे-जाणारे त्याच्यापुढे थांबतात. विचारतात, हे कोणाचं. काका, ते विचारतात. तुमचा तेवढा मुद्दा मी मान्य करते. तेवढाच.

पडदा मायनं आणि मी हापशीवर धुतला. थोडा रंग गेला, एक बदक फिकं झालं. वाळायला बाभळीपासून विहाराच्या खांबापर्यंत तार बांधून टाकला, तर तो बरोबर नाल्यावर आला. खाली गाळ, डबे, कोणाची तरी कुजकी चप्पल, वर निळा धबधबा. वारा आला की फुगतो. पडद्यामागे कोणीतरी उभं राहून दोरी बांधतंय, असं दिसतं. लेकरं काठावर त्याच्यापुढे जाऊन उभी राहतात, पाठ सरळ करून, आणि कोणी फोटो काढतंय का पाहतात.

मीही राहिले. माझा फोन मायच्या हातात दिला. तिनं तो धरला उलटा, मग सुलटा, मग म्हणाली, "काय करू?"

"दाब तिथं. मी श्वास धरते."

मायनं दाबलं असेल, आवाज आला. पण तिला पुढचं म्हणायचं असतं हे माहीत नाही. ती फोनकडेच पाहत राहिली. मागे पडदा पाठीला हळूच लागत होता, मी गाल फुगवून उभी होते, आणि सोड म्हणणारं कोणी नव्हतं.